चाकाला लावलेला दगड

अंबाजी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की यशोधराबाईंनी गोड गोड लिहून आम्हाला फसवलं. आमच्या कुसगावात रागीट माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांचा राग दुपारी चढतो आणि संध्याकाळच्या चहाबरोबर उतरतो. अंबाजीचं तसं नाही. तो राग सांभाळतो, त्याला खाऊपिऊ घालतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. मला तो आवडतो. मी स्वतः तशीच आहे म्हणून असेल.

मी लोणावळा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर नोकरी करून निवृत्त झाले. माणूस खिडकीतून हात कसा आत घालतो त्यावरून तो कसा आहे ते मला कळतं. आमचं घर बौद्धवाडीच्या टोकाला, जिथून बंगल्यांकडे जाणारी वाट वळते तिथे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते वळण दिसतं. म्हणजे निवृत्त झाले तरी माझी खिडकी काही सुटली नाही. जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्याच खिडकीतून पाहिलेलं आहे.

त्या वळणावर अंबाजीची पांढरी जीप उभी होती. उभी म्हणजे बंद. कित्येक पावसाळे तिने तिथेच काढले.

चालू होती तेव्हा तिच्यासारखी गाडी लोणावळ्याच्या स्टँडवर नव्हती. अंबाजी सकाळी तिला पुसायचा, खाकी शर्टाच्या कॉलरला रुमाल लावायचा आणि स्टँडवर जायचा. हॉटेलवाले त्याला नावाने बोलवायचे. म्हातारी माणसं बरोबर असली की मुंबईची मंडळी हटकून म्हणायची, अंबाजीलाच सांगा, तो घाटात पोटातलं पाणी हलू देत नाही. त्याने आयुष्यात एवढीच एक गोष्ट कमावली होती, नाव. शेत म्हणावं तर नाचणी-भाताचे चार तुकडे, तेही चुलतभावाबरोबर सामाईक.

तो चुलतभाऊ म्हणजे सुहास. अंबाजीपेक्षा लहान, अंगाने भरलेला, हसरा. तेव्हा तो नुकताच जमिनी दाखवायच्या धंद्यात शिरला होता. एका रविवारी मुंबईची मोठी पार्टी येणार होती आणि सुहासकडे होती फक्त मोटरसायकल. तो अंबाजीकडे आला आणि एका दिवसापुरती जीप मागितली. चालवायला मीच येतो, असं अंबाजी म्हणाला, तर सुहासला ते नको होतं. पार्टीसमोर भाऊ ड्रायव्हर म्हणून दिसला तर आपला रुबाब कमी होईल, हे त्याचं गणित. अंबाजीने किल्ली दिली. देताना बजावलं, ते मी ओट्यावरून ऐकलं आहे.

"रेडिएटर गळतोय जरासा. उद्या करणारच हाय. तवर चढ संपला की थांब, पानी बघ. काटा वर गेला तर फुडं जायचं न्हाई."

"व्हय दादा, मला काय कळत न्हाई व्हय," सुहास म्हणाला.

त्याला कळत नव्हतं, किंवा पार्टीसमोर बॉनेट उघडून पाणी ओतायची लाज वाटली. दिवसभर त्याने जीप डोंगरांवरून पळवली. संध्याकाळी परतताना इंजिन जाम झालं आणि गाडी उतारावरून गडगडत ह्या वळणावर येऊन थांबली. पार्टीला रिक्षात बसवून दिलं. मग सुहासने ओढ्यातून एक चांगला मोठा काळा दगड उचलून आणला, ड्रायव्हरकडच्या पुढच्या चाकाला लावला, हात झटकले आणि घरी गेला. मी तेव्हा भाकऱ्या थापत होते. दगड लावताना त्याने इकडे तिकडे पाहिलं, ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

गाडी गेली याचं दुःख अंबाजीने गिळलं असतं. यंत्रच ते. पण सुहासने स्टँडवर जाऊन सांगितलं की अंबाजी गाडीची देखभाल करत नाही, तेलपाणी बघत नाही, त्याच्यामुळे माझी पार्टीसमोर अब्रू गेली. नशिबाने त्याच पार्टीने जमीन घेतली, सुहासचा तो पहिला सौदा, आणि पैसेवाल्याचं बोलणं लोकांना लवकर पटतं. हॉटेलवाल्यांनी अंबाजीला बोलवणं सोडलं. दुसऱ्याची गाडी चालवतो म्हणाला, तर तीही कोणी देईना. ज्याच्या हाताखाली घाटात पोटातलं पाणी हलत नव्हतं, तो माणूस एका हॉटेलच्या फाटकावर शिट्टी फुंकत, आलेल्या गाड्या मागे-पुढे घ्यायला लागला.

अंबाजीने एकदाच, एकच गोष्ट मागितली. मुक्ताबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, भाचीचं लग्न होतं. पंगतीत सगळा गाव आणि स्टँडवरची चार माणसं होती. तिथे तो सुहासला म्हणाला, "मला भरपाई नको. ह्या मान्सांना घिऊन गाडीपाशी चल आन् सांग, गाडी माज्या हातून गेली. येवढंच."

सुहासने जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. "आता त्या डबड्यापुढं येऊन डोकं टेकू का, दादा?"

पंगत हसली. मी हसले नाही, हे नमूद करते. अंबाजी पानावरून उठला, हात धुतले आणि जाताना शांतपणे म्हणाला, "टेकशील."

तेव्हापासून जीप हलली नाही. वाट दोघांच्या सामाईकीतली, त्यामुळे अंबाजीला कोणी काही म्हणू शकेना. पुढे सुहासने वाटेच्या टोकाला बंगले बांधले, शनिवार-रविवारी भाड्याने द्यायला. छोट्या गाड्या जीपच्या बाजूने अंग चोरून जायच्या. बस मात्र जायची नाही. आणि सुहासला बसच पाहिजे होती. कंपन्यांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं. बसवाले वळणावर यायचे, जीप बघायचे, शिव्या द्यायचे आणि मागे फिरायचे. अंबाजी कामावरून येताना थांबून हे पाहायचा. त्याच्याइतकं समाधानी माणूस मी दीक्षाभूमीवरून परतलेल्या म्हाताऱ्यांत पाहिलंय, दुसरीकडे नाही.

मध्यंतरी जीपचा पत्रा खालून कुजला आणि एका उन्हाळ्यानंतर ड्रायव्हरच्या सीटमधून उंबराचं रोप वर आलं. पाखरांनी बी टाकलं असणार. मुक्ताबाईचं माहेर म्हणजे नवलाख उंबरे नावाचं गाव. ती म्हणाली, "माझ्या माह्येरचं पावनं आलंय." अंबाजी त्या रोपाला पाणी घालायला लागला. बघता बघता उंबर ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर पडला, मग टपावर चढला. लांबून पाहिलं तर वाटे, गाडी झाडच चालवतंय.

सुहासने अखेर वरपर्यंत वशिला लावला आणि एक दिवस जीपच्या काचेवर नोटीस चिकटली. बेवारस वाहन, रस्त्याला अडथळा, मालकाने हलवावे, नाहीतर जप्त करून हलवण्यात येईल. गावात दिवाळी झाल्यासारखी चर्चा सुरू झाली. अंबाजी हरला म्हणे. मलाही तसंच वाटलं आणि माझं जेवणावरचं मन उडालं. एवढी वर्षं सांभाळलेला राग कागदाच्या एका चिटोऱ्याने संपावा, हे मला सहन होईना.

अंबाजी मात्र गाडी विकायच्या तयारीला लागला.

आधी त्याने जीप रिकामी केली. खणातून पुसायचं फडकं, नटबोल्टचे पाने, एक चपटा झालेला हॉर्न, आरशाला लटकवलेलं वाळकं लिंबू काढलं. जुनी खाकी टोपी निघाली, ती झटकून घरी पाठवली. ट्रंकेतून गाडीचं पुस्तक काढलं. चॅसीवरचा नंबर गंजला होता, तो रॉकेलने घासला, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि नंबराचा छाप उठवून घेतला. बंद गाडी असली तरी कागद सरळ पाहिजेत, नाहीतर उद्या कोणीतरी आपल्या नंबरावर भलतंच काहीतरी करतो, असं तो मला म्हणाला. मग त्याने पाण्याच्या बादल्या आणल्या आणि जीप धुवायला काढली. गंजलेली, बिनटायरची, झाड उगवलेली जीप.

मी खिडकीतून विचारलं, "भाऊ, भंगारात जाणारी गाडी कशाला धुताय? आणि निम्मं पाणी तर झाडालाच जातंय."

"लेक सासरी धाडताना न्हाऊ घालत्यातच की, ताई," तो म्हणाला. "आन् झाडाचं म्हनाल, तर ते हितंच ऱ्हानार हाय."

धुताना त्याने एक गोष्ट केली ती मला तेव्हा कळली नाही. चाकाला लावलेला तो काळा दगड त्याने हलवला नाही. उलट त्याच्या बाजूचं गवत उपटलं, माती सारखी केली आणि दगड चोळून चोळून स्वच्छ केला. उंबराचं खोड दगडाला अगदी खेटून वाढलं होतं.

बंद आणि अपघाती गाड्या रोखीने घेणारा आदिनाथ वडगावहून गाडी बघायला आला. तरुण, बोलका. त्याने जीपभोवती चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"आबा, झाड कापल्याबिगर गाडी निघायची नाही."

"झाडाला हात लावायचा न्हाई. गाडी काप."

"गॅसकटरचा खर्च माझ्या गळ्यात येईल. तसा भाव पडेल मग."

"पडू दे," अंबाजी म्हणाला. रोज घासाघीस करून पोट भरणारा आदिनाथ गोंधळून माझ्या खिडकीकडे बघायला लागला. मी मान हलवली. मला तरी काय कळत होतं.

गाडी निघणार त्या दिवशी वळणावर ही गर्दी. सुहासची आई धोंडाबाईसुद्धा काठी टेकत आली. आदिनाथची माणसं सिलिंडर उतरवत होती, तेवढ्यात सुहासची मोठी गाडी येऊन थांबली. पांढरा शुभ्र शर्ट, चेहऱ्यावर वरात निघाल्याचा आनंद.

सुहासचं एक आहे, आणि ते अख्ख्या कुसगावाला ठाऊक आहे. नारळ फोडल्याशिवाय तो काही सुरू करत नाही. बंगल्याचा पाया असो, बोअर असो, नवा पंप असो. गाडीच्या डिकीत नारळाचं पोतं असतं. पोरं त्याला मागे 'नारळशेठ' म्हणतात. कटर पेटवणाऱ्या माणसाला त्याने हात केला.

"थांबा, थांबा. नारळाशिवाय कामाला हात लावायचा नसतो."

अंबाजी मान खाली घालून उभा होता. "फोडा शेठ," तो म्हणाला. "तुमच्या हाताला यश हाय."

त्या आवाजाने माझ्या हातातलं लाटणं थांबलं. अंबाजीने सुहासला कधी शेठ म्हटलं नव्हतं. मुक्ताबाई पुढे झाली. तिच्या हातात ताट होतं, हळदकुंकू, तांब्या, उदबत्ती, सगळं घरून मांडून आणलेलं. सुहास आणखी फुलला. आपण जिंकलो आणि हरलेल्याने ताट आणलं, एवढंच त्याला दिसत होतं.

नारळ फोडायचा कशावर? आजूबाजूला नुसती भुसभुशीत माती. दगड एकच होता, चाकाजवळचा, घासूनपुसून लख्ख केलेला. सुहासने चपला काढल्या, दगडावर पाणी ओतलं, हळदकुंकवाची बोटं उठवली, उदबत्ती लावली, डोळे मिटून हात जोडले आणि पहिल्याच फटक्यात नारळ फोडला. पाणी दगडावरून उंबराच्या मुळाशी गेलं. धोंडाबाईने वाकून चिमूटभर कुंकू उंबराच्या खोडालाही लावलं. "उंबर हाय बाबा. दत्ताची जागा," ती म्हणाली, आणि सगळ्या बायांनी हात जोडले.

अंबाजीने वर पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. मी खिडकीची चौकट घट्ट धरली, नाहीतर मोठ्याने हसले असते.

जीप कापायला दुपार झाली. टप सुटला, दरवाजे सुटले, शेवटी चॅसीचे दोन तुकडे करून ते झाडाच्या दोन्ही बाजूंनी ओढून काढले. ते ट्रकवर चढवताना अंबाजीने एका तुकड्यावर तळहात ठेवला, तेवढाच. आदिनाथने रोख पैसे दिले, ते त्याने न बघता मुक्ताबाईच्या हातात ठेवले. ट्रक गेला. वळणाच्या मधोमध उरला उंबर, आणि त्याच्या पायाशी कुंकू माखलेला दगड.

दुसऱ्या दिवशी सुहासने जेसीबी मागवला. चालक खाली उतरला, दगड पाहिला, पुन्हा वर चढला.

"शेठ, हितं नारळ फुटलाय."

"अरे, मीच फोडलाय."

"मंग तर आनखीच न्हाई. तुमी देव बसवायचा आन् म्या उपटायचा व्हय? घरात ल्हान पोरं हायती माज्या." आणि यंत्र मागे घेऊन तो निघून गेला. सुहासने दुसरा बोलवला, तोही तसाच गेला. मजूर अड्ड्यावरून माणसं आणली, त्यांनी कुऱ्हाडी पिशवीतून बाहेरच काढल्या नाहीत. घरी आईने अन्न सोडलं. "देवाला नारळ दिऊन देवालाच उपटायला निगालास," एवढंच ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

मग सुहास माझ्याकडे आला. माझ्या ओट्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. चहा नको म्हणाला. सवयच नसेल आमच्याकडच्या कपाची.

"ताई, तुमच्यात हे देव-बिव काही मानत नाहीत ना," तो म्हणाला. "तुमच्या सत्यमला सांगा, सुट्टीच्या दिवशी तेवढं झाड काढून टाकू दे. त्याच्या पैशाचं मी बघतो."

सत्यम माझा मुलगा, तळेगावच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच सुहासच्या आजोबांच्या विहिरीपासून लांब, घागर पुढे करून माझी आई उभी राहायची, कोणीतरी दया येऊन वरून पाणी ओतेल म्हणून. तेव्हा ह्यांचा देव बाटत होता. आता देवावर कुऱ्हाड घालायची पाळी आली तर आमचं दार आठवलं. पाप लागलं तर आम्हाला लागावं, रस्ता ह्यांचा मोकळा व्हावा.

मी आवाज चढवला नाही. "सुहासराव, उंबराचं आम्हाला काही नाही हे खरं. पण आमच्यात झाडाखाली बसून शहाणं व्हायची रीत आहे, झाड तोडायची नाही. ही खिडकी बंद झाली आहे. पुढच्या खिडकीवर जा."

तो उठला. पायरी उतरताना त्याने वळणाकडे पाहिलं. अंबाजी बांधावर बसून तंबाखू मळत होता.

ह्या सगळ्यात अंबाजीचं काही गेलं नाही असं समजू नका. उंबरामुळे त्याचीही गवताची ट्रॉली आत येत नाही. तो भारे डोक्यावर वाहतो. मुक्ताबाई कुरकुरते, "त्येची वाट अडिवली, आपली बी अडली न्हवं." तो म्हणतो, "अडू दे." माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुढचं सगळं धोंडाबाईनेच केलं. तिने दर गुरुवारी दिवा लावायचं ठरवलं. गावातल्या बाया यायला लागल्या. कोणीतरी खोडाला भगवा दोरा गुंडाळला, कोणी पार बांधू म्हणालं. स्टँडवरचे ड्रायव्हर घाट उतरायच्या आधी गाडी थांबवून येतात, कारण इथे एका गाडीतून देव उगवला अशी बातमी पसरली आहे. ते आले की आधी अंबाजीला भेटतात. कुठली गाडी होती, कशी बंद पडली, विचारतात. अंबाजी सगळं सांगतो, गळक्या रेडिएटरपासून वळणापर्यंत, कोणाच्या हातून गेली त्या नावासकट. ज्या स्टँडवर त्याचं नाव गेलं होतं, त्या स्टँडची माणसं आता ते त्याच्या तोंडून ऐकतात आणि माना हलवतात.

आणि मान कोणाचा? पहिला नारळ ज्याने फोडला त्याचा. हे गावानेच ठरवलं. आरतीला सुहास नसला तर बाया थांबून राहतात, आणि तो चुकवायला लागला तर धोंडाबाई जेवत नाही.

परवाच्या गुरुवारी मी खिडकीत उभी होते. सुहास आला, चपला काढल्या, वाकला. पोट आड येत होतं, तरी आई बघत होती म्हणून पुरता वाकला आणि त्या काळ्या दगडावर कपाळ टेकलं. टेकलं, आणि तसाच थांबला. आता इतक्या जवळून त्याने तो दगड ओळखला असावा. उठला तेव्हा कपाळाला कुंकू लागलं होतं आणि चेहरा पडला होता. त्याने वळून बांधाकडे पाहिलं.

अंबाजीने तंबाखू झटकली. बऱ्याच वर्षांनी डोक्यावर घातलेली खाकी टोपी त्याने सारखी केली, आणि आरतीच्या आवाजात फक्त सुहासला आणि मला ऐकू जाईल एवढंच बोलला.

"फुडच्या गुरवारी बी यायचं."